फर्माइशीचें गाणें

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, दौंड तालुक्यांत, चौफुला नांवाचें एक ठिकाण आहे. नांवाप्रमाणेंच येथें चार वाटा मिळतात. उत्तरेची वाट केडगांवावरून निघून भीमा ओलांडते आणि न्हावऱ्यावरून शिरूर गांठते. दक्षिणेची सुप्यावरून मोरगांवाकडे जाते. दिवसां पाहणाऱ्यास हा इतर नाक्यांसारखाच एक नाका वाटेल. परंतु रात्र झाली म्हणजे येथील कलाकेंद्रांतून पेटीचे सूर व ढोलकीची थाप उठूं लागते, आणि जवळच्या तालुक्यांतले तसेच दूरदूरचे शौकीन येथें उतरतात. चौफुला हें लावणीच्या संगीत बाऱ्यांचें एक नांवाजलेलें ठाणें आहे.

अशा ठिकाणीं कोणतें गाणें सर्वांत लोकप्रिय, हा प्रश्न सहज मनांत येतो. प्रश्न सोपा दिसतो. परंतु लोकप्रियता मोजावयाची कशानें, हें ठरल्याशिवाय त्याचें उत्तर देतां येत नाहीं. जपानांत १९९७ सालीं ‘मॉर्निंग मुसुमे’ या नांवाचा तरुणींचा एक गायकवृंद निघाला. त्यांतील गायिका कांहीं वर्षांनीं निरोप घेतात, नव्या येतात, आणि वृंदाचें नांव मात्र तेंच राहतें. त्याच्या लोकप्रियतेचें माप सरळ आहे. १९९९ सालच्या त्याच्या ‘लव्ह मशीन’ या गाण्याच्या १६ लाखांहून अधिक तबकड्या खपल्या, तेव्हां तें गाणें सर्वांत लोकप्रिय, असें म्हणतां येतें. चौफुल्याच्या बाऱ्यांतही गायिका बदलतात व नांव टिकतें; पण येथें तबकडी विकली जात नाहीं. येथें एकेका रात्रीं, एकेका श्रोत्याच्या तोंडून गाणें मागितलें जातें. येथील माप म्हणजे फर्माईश.

हें माप कसें चालतें तें समजण्यास संगीत बारीची रचना पाहिली पाहिजे. तमाशा म्हटला कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें गण, गौळण, बतावणी आणि वग असा क्रम उभा राहतो. तो ढोलकीफडाचा तमाशा. तो गांवोगांवच्या जत्रांतून तंबू ठोकून फिरतो. संगीत बारींत वग नसतो. तिच्यांत गाणें आणि अदाकारी हेंच सर्वस्व. गाणाऱ्या व नाचणाऱ्या कांहीं स्त्रिया, एक पेटीवाला, एक तबलजी आणि एक ढोलकीवाला, एवढ्यांची ही पार्टी. पार्टी बहुधा मालकिणीच्या नांवानें ओळखली जाते. ही मालकीण स्वतः गायिका असते, किंवा एके काळीं असते, आणि पुढें तिच्या मुली, बहिणी वा भाच्या त्याच नांवाखालीं उभ्या राहतात. एका कलाकेंद्रांत अशा अनेक पार्ट्या मुक्कामास असतात व पाळीपाळीनें रंगमंचावर येतात. ‘बारी’ या शब्दाचा अर्थच पाळी असा आहे. तिकिटाचा खेळ सर्वांसाठीं असतो. त्यावेगळी खास बैठक असते, तिच्यांत चार-सहा रसिक पैसे मोजून एकाच पार्टीचें गाणें समोर बसून ऐकतात.

दोन्ही प्रसंगीं गाण्याची निवड पुष्कळ अंशीं श्रोत्यांच्या हातीं असते. श्रोता गाणें सांगतो आणि त्यासाठीं पैसे पुढें करतो. गाणें आवडलें तर दौलतजादा होतो. एका कडव्यावर खूष होऊन कोणी तेंच कडवें पुन्हा मागतो, आणि तें पुन्हा गाइलें जातें. अशा रीतीनें रात्रभर हिशेब चालू राहतो. ज्या गाण्याला मागणी, तें रोज गळ्यावर चढतें. ज्याला नाहीं, तें मनाच्या कप्प्यांत खालीं जातें.

आतां मागणी कोणत्या गाण्यांना असते? जुन्या शाहिरांच्या रचना माहीत असलेला श्रोता आजही एखादा भेटतो. परंतु पिढ्यान्‌पिढ्या फर्माईश वाढत गेली ती चित्रपटांतील लावण्यांची. १९४७ सालच्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटानें तमाशाचें विश्व पडद्यावर आणलें. १९५९ सालीं अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. तो पुण्यांत शंभराहून अधिक आठवडे चालला, आणि ग. दि. माडगूळकरांचे शब्द, वसंत पवारांची चाल व आशा भोसले यांचा आवाज घेऊन आलेली त्यांतील बुगडीची लावणी घरोघरीं पोंचली. १९७२ सालीं व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजऱ्या’नें जगदीश खेबुडकर आणि राम कदम यांच्या लावण्या दिल्या. २०१० सालीं ‘नटरंग’ व २०२२ सालीं ‘चंद्रमुखी’ आला; या दोन्ही चित्रपटांचें संगीत अजय-अतुल यांचें. दरम्यान सुलोचना चव्हाण यांनीं डोक्यावरचा पदर ढळूं न देतां व पाय न हलवतां केवळ आवाजाच्या ठसक्यावर लावणी ध्वनिमुद्रिकांतून खेड्यापाड्यांत नेली. या प्रत्येक लाटेनंतर बारीपुढें बसलेला श्रोता नवी फर्माईश घेऊन आला.

यांत एक मौजेची गोष्ट आहे. चित्रपटांनीं लावणीचा ठेका, ढोलकीचा बाज, नऊवारीचा डौल आणि घुंगरांचा बोल हें सारें बारीकडून व फडाकडून उचललें. मग तेंच गाणें वाद्यवृंदानें सजून, साडेतीन-चार मिनिटांत बसवलेलें, बारीकडे परत आलें. बारीनें तें जसेंच्या तसें घेतलें नाहीं. वाद्यवृंद गेला आणि पेटी, तबला व ढोलकी आली. ध्रुवपदाची ओळ दोनदां होती ती आठदां झाली. कडव्याअखेर ढोलकीचा तोडा आला आणि त्यावर नर्तिकेचे पाय बोलूं लागले. चांगली गायिका हातीं आलेलें पडद्यावरचें गाणेंही बसून, एकेक शब्द उलगडून, आपलेंसें करते. म्हणून चित्रपटाची लावणी म्हणजे नकल, असें सरसकट म्हणणें अन्यायाचें होईल. उसना आलेला दागिना तिनें पुन्हा आटवून आपल्या साच्यांत घातला.

परंतु या देवघेवींत एक हात विस्मरणांत जातो, तो कवीचा. जुन्या लावणीकाराची रीत अशी कीं, अखेरच्या चरणांत त्यानें आपलें नांव गुंफावें. होनाजी बाळा या जोडनांवांत तर कवी आणि गायक दोघेही आहेत. होनाजी शिलारखाने यानें रचावें व बाळा करंजकर यानें गावें, आणि लोकांनीं दोघांना एकत्र आठवावें, असें तें नांव आहे. पठ्ठे बापूराव म्हणून गाजलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी १९४५ सालीं वारले. त्यांची सही आजही त्यांच्या लावण्यांच्या शेवटीं ऐकूं येते. पुढें चाल धांवती झाली, शेवटचें कडवें गळूं लागलें, आणि त्याबरोबर ही सहीही पुसत चालली.

याचें जवळचें उदाहरण भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यांतच आहे. या तालुक्यांतील कवठे येमाई हें देवी येमाईचें गांव. तेथील बशीर मोमीन हे मोमीन कवठेकर या नांवानें लिहीत. लावणी, गण, गौळण, पोवाडे, भारुडें आणि वग असें विपुल लेखन त्यांनीं तमाशाच्या फडांसाठीं केलें; हुंडा, व्यसन, निरक्षरता अशा विषयांवरही गाणीं रचलीं. महाराष्ट्र शासनाचा २०१८ सालचा, विठाबाई नारायणगांवकर यांच्या नांवाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला आणि २०२१ सालीं त्यांचें निधन झालें. जत्रेच्या रात्रीं त्यांच्या शब्दांना शिट्ट्या व टाळ्या देणाऱ्यांपैकीं किती जणांनीं गाणें कोणाचें, अशी चौकशी केली असेल? गाणें मागणारा गाणें मागतो. कवीचें नांव तो सहसा मागत नाहीं.

कवीचें नांव हरपणें हें एक नुकसान. त्याहून मोठें नुकसान प्रकारांचें आहे. लावणी ही एकाच रंगाची नाहीं. विरहाची व्यथा संथ लयींत आळवणारी बालेघाटी असते. खट्याळ, झटकदार छक्कड असते. चार चौकांतून विषय वाढवीत नेणारी चौकाची लावणी असते. यांपैकीं फर्माइशीच्या बाजारांत छक्कड तगते, कारण ती चित्रपटी लावणीच्या जवळची आहे. बालेघाटीला वेळ लागतो, आणि ती समजण्यास श्रोत्यालाही स्वस्थ बसावें लागतें. वाईच्या यमुनाबाई वाईकर बसून गात, आणि एकच ओळ दर वेळीं निराळ्या भावानें सांगत: कधीं रुसून, कधीं विनवून, कधीं नुसत्या डोळ्यांनीं. त्यांना १९७७ सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व २०१२ सालीं पद्मश्री मिळाली. २०१८ सालीं, शंभरी ओलांडून, त्या गेल्या. ही कला कागदावर उतरत नाहीं. ती आईकडून वा मावशीकडून समोर बसून, कानानें व डोळ्यांनीं घ्यावी लागते. एका पिढीनें एखादी लावणी मागितली नाहीं, तर गायिका ती गात नाहीं. गाइली नाहीं, तर भाची ती ऐकत नाहीं. आणि तिसऱ्या पिढींत ती लावणी होती हेंही कोणास ठाऊक राहत नाहीं.

यासाठीं गायिकांना दोष देणें सोपें आहे, परंतु तें न्यायाचें नाहीं. पार्टींतील एकेका स्त्रीच्या गाण्यावर घरांतील म्हातारीं माणसें, भावंडें आणि मुलांच्या शाळा चालतात. किशोर शांताबाई काळे यांनीं ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४ सालच्या आत्मकथनांत, नाचणाऱ्या आईच्या पैशावर घर जगतें आणि मान मात्र तिच्या वाट्यास येत नाहीं, हें विदारक सत्य मांडलें आहे. पुढें केलेली नोट व सांगितलेलें गाणें नाकारून बालेघाटी आळविण्याची चैन अशा घराला परवडणारी नाहीं. १९९३ पासून अकलूज येथें भरूं लागलेल्या लावणीस्पर्धांनीं या कलावतींना प्रतिष्ठेचें व्यासपीठ दिलें, आणि अनेकींचीं नांवें त्यामुळें शहरांत पोंचलीं. परंतु स्पर्धा वर्षांतून एकदां, आणि फर्माईश रोज रात्रीं.

म्हणून चौफुल्यावरचें सर्वांत लोकप्रिय गाणें कोणतें, या प्रश्नाचें उत्तर अखेरीस श्रोत्याकडेच परत येतें. आपण केवळ करमणुकीसाठीं आलों, अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षांत तो, नकळत, त्या परंपरेचा राखणदार असतो. नवें गाणें मागण्यांत कांहीं वावगें नाहीं. नवीं गाणीं आलीं म्हणूनच बारी जिवंत राहिली. पण दहा फर्माइशींत एखादी जुन्या लावणीची असावी. “बाई, तुमच्या आईनें शिकविलेली एखादी म्हणा,” एवढें आदरानें म्हणून, तिच्यासाठींही तितकेच पैसे पुढें ठेवावे, आणि ती संपेपर्यंत, शेवटच्या चरणांत कवीचें नांव येईपर्यंत, स्वस्थ बसावें. मागल्या बाजूस उभी असलेली एखादी चौदा-पंधरा वर्षांची भाची त्या वेळीं ती लावणी ऐकत असेल. पुढील चाळीस वर्षें तिला ती पुरेल.