नोकरी गेली, हात शाबूत आहेत

पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या माणसाची नोकरी गेली तर त्याने काय करावे? या पाठात आपण त्याचा विचार करू.

तरुण पोराची नोकरी गेली तर तो दुसऱ्या गावी जातो. त्याच्यामागे फार पाश नसतात. साठी ओलांडलेला माणूस घरी बसला तर त्याला कोणी नाव ठेवत नाही. अडचण होते ती मधल्या वयाच्या माणसाची. मुलगी लग्नाला आलेली असते. मुलाचे शिक्षण चालू असते. म्हातारी आई अंथरुणावर असते. सोसायटीचे कर्ज डोक्यावर असते. अशा वेळी कारखान्याच्या फाटकावर कागद लागतो, आणि महिन्याचा पगार बंद होतो.

हे संकट आपल्याकडे नवे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत कोकणातली आणि घाटावरची माणसे पिढ्यान् पिढ्या कामाला होती. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतल्या कितीतरी घरांची चूल गिरणीच्या मनिऑर्डरीवर पेटत असे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांत मोठा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत त्याचे पुढारी होते. सुमारे अडीच लाख कामगार संपात उतरले. संप वर्षाहून जास्त लांबला. पुष्कळांना पुन्हा कामावर घेतले नाही. पुढच्या वर्षांत एकेक करून गिरण्याही बंद पडल्या. भोंगे थांबले. साच्यावर वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षे काढलेले गडी रिकामे झाले.

मग त्यांनी काय केले? कोणी भाजीची हातगाडी लावली. कोणी रात्रीची राखण धरली. कोणी गाव गाठले आणि पडीक शेत पुन्हा कसायला घेतले. कितीतरी घरे बायकांच्या कमाईने सावरली. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांची एकजूट आधीच झाली होती. श्रीमती प्रेमा पुरव यांनी 1975 साली त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले होते.

पण सगळ्यांचे निभावले नाही. "आज ना उद्या गिरणी सुरू होईल," म्हणून काही जण वाट पाहत बसले. वर्षे गेली, साठवलेला पैसा गेला, आणि उमेदही गेली. यातून आपण एक गोष्ट शिकावी. नोकरी मालकाची असते. ती तो काढून घेऊ शकतो. पण हातातले काम आपले असते. ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

घरात लपवू नका

नोकरी गेली की माणसाला लाज वाटते. तो घरी सांगत नाही. सकाळी डबा घेऊन निघतो आणि दिवसभर कुठेतरी पारावर बसून संध्याकाळी परत येतो. घरात खर्च पूर्वीसारखाच चालू राहतो. हातउसने वाढते. दोन-तीन महिन्यांनी गोष्ट बाहेर फुटते, तेव्हा घरावर कर्ज झालेले असते.

त्यापेक्षा पहिल्याच दिवशी सांगावे.

"अगं, कारखाना बंद झाला. आजपासून पगार नाही."

"अहो, मग असं तोंड पाडून काय होणार? बसा आधी. घरात काय आहे नि कुणाचं काय द्यायचं आहे, ते लिहून काढू."

असे बोलणे झाले की अर्धे ओझे कमी होते. घरातली सगळी मिळून ठरवतात, कोणता खर्च थांबवायचा आणि कोणता थांबवता येत नाही. कारखाना बंद पडला यात कामगाराचा काय गुन्हा? मग लाज कशाची?

वाचल्याशिवाय सही करू नका

कामावरून कमी करताना मालकाची माणसे कागद पुढे करतात. "इथे सही कर, लगेच पैसे मिळतील," म्हणतात. आता तुम्हांला वाचता येते. तो कागद आधी वाचा. नाही समजला तर घरी नेऊन जाणत्याला दाखवा.

पुष्कळदा तो राजीनाम्याचा कागद असतो. "मी माझ्या खुशीने नोकरी सोडत आहे," असे त्यात लिहिलेले असते. मालकाने कामगाराला कमी केले तर कायद्याने भरपाई द्यावी लागते. कामगाराने आपण होऊन राजीनामा दिला तर ती भरपाई बुडते. एका सहीने वीस वर्षांच्या कामाची भरपाई हातची जाते.

21 नोव्हेंबर 2025 पासून आपल्या देशात कामगारांचे नवे कायदे लागू झाले. त्यांतल्या या गोष्टी लक्षात ठेवा.

एक: काम सुटल्यावर राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांच्या आत मिळाला पाहिजे.

दोन: वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते. नाही दिली तर त्या महिन्याचा पगार द्यावा लागतो. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून मिळतो.

तीन: कमी केलेल्या कामगाराला नवे काम शिकता यावे म्हणून आणखी पंधरा दिवसांचा पगार 45 दिवसांच्या आत त्याच्या खात्यात जमा व्हायचा असतो.

चार: कायम कामगाराची पाच वर्षे सलग नोकरी झाली असेल तर ग्रॅच्युइटी मिळते. राजीनामा दिला तरी ही मिळते. दहा किंवा जास्त माणसे कामाला असलेल्या ठिकाणी हा कायदा लागतो.

ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे. समजा, एका कामगाराचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून महिन्याला 13,000 रुपये आहे. त्याला 26 ने भागा. एका दिवसाचे 500 रुपये झाले. पंधरा दिवसांचे 7,500 रुपये झाले. त्याने वीस वर्षे नोकरी केली असेल तर 7,500 गुणिले 20, म्हणजे 1,50,000 रुपये त्याला मिळायला हवेत. हा पैसा तीस दिवसांच्या आत द्यावा लागतो.

त्यासाठी असा अर्ज लिहावा:

मा. व्यवस्थापक साहेब यांस,
मी आपल्या कारखान्यात ...... खात्यात ...... वर्षे काम केले. माझा हजेरी नंबर ...... आहे. तारीख ...... पासून माझे काम बंद झाले आहे. तरी माझी ग्रॅच्युइटी, भरपाई व राहिलेला पगार मिळावा, ही विनंती.
आपला,
(सही आणि तारीख)

अर्जाच्या दोन प्रती कराव्यात. एक कचेरीत द्यावी. दुसरीवर शिक्का मारून पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी. दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या कामगार खात्याच्या कचेरीत ती पोच घेऊन जावे.

पाच: भविष्य निर्वाह निधी, म्हणजे आपला फंड. त्याचा बारा आकडी नंबर असतो. तो लिहून ठेवा. दुसरीकडे नोकरी लागली तरी तोच नंबर चालतो, आणि मागची वर्षे पुढच्या वर्षांना जोडली जातात. पेन्शनमध्ये दहा वर्षे भरली असतील तर वयाच्या 58 व्या वर्षापासून दर महिन्याला पेन्शन मिळते. पन्नाशीनंतर लवकरही घेता येते, पण जितकी वर्षे आधी घ्याल तितकी ती कमी होते. दरवर्षी शंभराला चार रुपये कापले जातात. म्हणून निभावत असेल तर घाई करू नये.

मिळालेला पैसा

एवढी रक्कम एकदम हातात आली की माणूस बावरतो. पाहुणे येतात. कोणाला उसने हवे असतात. कोणी म्हणतो, "माझ्या धंद्यात घाल, दामदुप्पट करून देतो." घरातही वाटते, आता घर बांधून घेऊ, लग्न थाटात करू. सहा महिन्यांत पैसा संपतो, आणि मग पगारही नसतो, पैसाही नसतो.

आम्ही सांगू ते ऐका. पैसा आला की आधी बँकेत किंवा पोस्टात ठेवा. तीन महिने त्याला मोठ्या कामासाठी हात लावू नका. मग त्याचे वाटे करा. पहिला वाटा वर्षभराच्या मीठ-भाकरीचा. दुसरा वाटा जबर व्याजाचे कर्ज फेडण्याचा. तिसरा वाटा नव्या कामाच्या हत्याराचा किंवा भांडवलाचा. उरेल तो जपून ठेवावा. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत रक्कम पाच वर्षे ठेवली की दर महिन्याला व्याज हातात येते. तेवढाच घरखर्चाला टेकू.

आपल्याला काय काय येते?

"मी साचेवाला. मला दुसरं काय येतंय?" असे गिरणीचे कामगार म्हणत. पण नीट विचार केला तर एका कामात दहा कामे असतात.

मशीनवर काम केलेल्या माणसाला आवाजावरून बिघाड कळतो. तेल कधी द्यायचे, पट्टा कधी बदलायचा, हे त्याला ठाऊक असते. गावात पिठाची गिरणी असते, विहिरीवर पंप असतो, मळणीयंत्र असते. ती दुरुस्त करायला कोणी तरी लागतेच. जॉबरचे काम केलेल्याला माणसे सांभाळता येतात. त्याला बांधकामावर किंवा बागेत मुकादमी करता येते. भांडारावर असलेल्याला मालाचा हिशेब ठेवता येतो. दुकानात, गोदामात, दूध डेअरीवर त्याची गरज असते. कँटीनमध्ये काम केलेल्याला शंभर माणसांचा स्वयंपाक जमतो. लग्नसराईत त्याला बोलावणी येतात.

एक कोरा कागद घ्या. त्यावर "मला हे येते" असे लिहा. खाली एकाखाली एक कामे लिहा. बायकोलाही विचारा. आपल्याला जे सुचत नाही ते तिला सुचते. दहा ओळी झाल्याशिवाय पेन्सिल ठेवू नका.

काम कुठे शोधावे?

पहिली जागा म्हणजे माणसे. जुने सोबती, गाववाले, सोयरे. कुठे जागा आहे हे त्यांना आधी कळते. प्रत्येकाला सांगा, पण "कुठं काही काम बघ" असे मोघम सांगू नका. "मला पंप दुरुस्त करता येतो, पाच कोसांवरही येईन," असे सांगा. मग ऐकणाऱ्याच्या ते ध्यानात राहते.

दुसरी जागा म्हणजे सरकारी रोजगार मार्गदर्शन केंद्र. ते जिल्ह्याच्या ठिकाणी असते. तिथे नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. रोजगार मेळावे कधी आहेत तेही तिथे कळते.

तिसरी जागा म्हणजे ग्रामपंचायत. मागेल त्याला काम, ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राने देशाला दाखवली. 1972 च्या दुष्काळात इथे रोजगार हमीची कामे निघाली, आणि 1977 साली त्याचा कायदा झाला. वयाची अठरा वर्षे पुरी झालेल्या कोणालाही हे काम मागता येते. वरची अट नाही. दुसरे काम मिळेपर्यंत चूल पेटती ठेवायला हे काम उपयोगी पडते.

चौथी जागा म्हणजे आपला स्वतःचा धंदा. बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. तिथे शिकणे, राहणे, जेवणे फुकट असते. वयाची अट मात्र आधी विचारून घ्यावी. आपण बसत नसलो तर घरातल्या दुसऱ्याला पाठवावे. छोट्या धंद्याला मुद्रा योजनेतून बँकेचे कर्ज मिळते. 50,000 रुपयांपर्यंतच्या कर्जाला 'शिशु' म्हणतात. त्याला तारण लागत नाही. पण कर्ज ते कर्जच. धंदा चालेल अशी खात्री झाल्यावरच ते काढावे.

एक जागा मात्र टाळा. "नोकरी लावून देतो, आधी इतके पैसे भर," म्हणणारा माणूस. खरा मालक पगार देतो, तो कामगाराकडून पैसे मागत नाही. फोनवर आलेला आकडा कोणी विचारला तरी सांगू नका. एका आकड्याने बँकेतला सगळा पैसा जातो.

वय विचारले तर

मालक पन्नाशीच्या माणसाला बघून कचरतो. त्याच्या मनात तीन शंका असतात. हा थकलेला असेल. हा पगार जास्त मागेल. हा तरुण साहेबाचे ऐकणार नाही.

या शंका त्याने विचारण्याआधी आपणच दूर कराव्यात. वय लपवू नये. सरळ सांगावे, "साहेब, माझं वय एकोणपन्नास. वीस वर्षांत माझ्या फार रजा नाहीत, हजेरी बघा. आठ दिवस काम बघा, मग पगाराचं बोला." सेवेचा दाखला, जुनी ओळखपत्रे, पगाराच्या चिठ्ठ्या बरोबर न्याव्यात.

आणि पोराच्या वयाचा साहेब मिळाला तर मनात कमीपणा आणू नये. तो नवीन यंत्र शिकवील, आपण त्याला काम शिकवू.

कमी पगाराचे काम घ्यावे का?

नुसता पगार बघू नका, हातात काय उरते ते बघा. समजा, शहरात 15,000 रुपये मिळत होते. खोलीभाडे 4,000, खानावळ 3,500, गाडीभाडे 1,500. म्हणजे 9,000 गेले आणि 6,000 उरले. आता तालुक्याला 9,000 चे काम मिळते आहे. एसटीला 1,000 आणि घरच्या जेवणाला 1,500 धरले तरी 6,500 उरतात. पगार कमी दिसतो, पण शिल्लक जास्त आहे. शिवाय रात्री माणूस आपल्या घरात असतो.

असा हिशेब प्रत्येकाने आपापला मांडावा. हिशेब जमत नसेल तर ते काम घेऊ नये. जमत असेल तर "लोक काय म्हणतील" म्हणून सोडू नये. लोक चार दिवस बोलतात. पोरांची फी मात्र आपल्यालाच भरायची असते.

हे सगळे आठ दिवसांत होणार नाही. दहा ठिकाणी नाही म्हणतील. अकराव्या ठिकाणी जाताना पाय जड होतील. तरी जावे. पहाटे उठायची सवय मोडू नये. रोज एका तरी माणसाला भेटावे. काम करणाऱ्या हाताला काम शोधायची लाज नसावी.

विचार करा आणि सांगा

1. राजीनाम्याच्या कागदावर सही केल्याने कामगाराचे काय नुकसान होते?
2. एकाचा मूळ पगार व भत्ता 10,400 रुपये आहे. नोकरी दहा वर्षे झाली. त्याला ग्रॅच्युइटी किती मिळेल?
3. तुम्हांला येणाऱ्या दहा गोष्टी वहीत लिहा.
4. तुमच्या गावात कोणाचे काम सुटले आहे का? त्यांना हा पाठ वाचून दाखवा.