पहिली कार्टून फिल्म आणि तिची आठवण

लहानपणी पाहिलेली पहिली कार्टून फिल्म कोणती, या प्रश्नाच्या उत्तरावरून माणसाचे वय बरेचसे ओळखता येते. महाराष्ट्रापुरते पाहिले तर या आठवणींच्या चार पिढ्या दिसतात. पहिलीने चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट पाहिले. दुसरीने दूरदर्शनवर ‘एक अनेक और एकता’ पाहिली. तिसरी पिढी रविवारी सकाळी ‘जंगल बुक’साठी टीव्हीपुढे बसली आणि चौथी केबलवर दिवसभर कार्टून पाहत वाढली. प्रत्येक पिढीचा पडदा वेगळा, कानावर पडलेली भाषा वेगळी आणि सोबत बसलेली माणसेही वेगळी. या फिल्म मनात राहिल्या त्या चित्रांइतक्याच गाण्यांमुळे, पुनःपुन्हा पाहण्यामुळे आणि घरात त्यांच्याविषयी झालेल्या बोलण्यामुळे. त्या बनवणाऱ्यांची नावे मात्र बहुतेकांना कधी कळलीच नाहीत. त्या नावांत मराठी माणसे बरीच आहेत.

आगकाड्यांपासून सुरुवात

ॲनिमेशनचे मूळ तंत्र समजायला सोपे आहे. फिल्मवर चित्रित केलेल्या सिनेमात एका सेकंदात २४ चित्रे पडद्यावर येऊन जातात. ओळीने येणाऱ्या चित्रांत थोडाथोडा फरक ठेवला की डोळ्यांना सलग हालचाल दिसते. दादासाहेब फाळके यांनी हे तंत्र ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधीच वापरून पाहिले होते. वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडीथोडी टिपून त्यांनी एक छोटी फिल्म तयार केली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर पाहता पाहता पूर्ण झाली आणि चित्रपटासाठी भांडवल उभे करायला या फिल्मचा उपयोग झाला. १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काड्या जराशा सरकवायच्या, एक चौकट टिपायची, पुन्हा काड्या सरकवायच्या, असे करत निर्जीव काड्या पडद्यावर चालू लागल्या. भारतीय ॲनिमेशनचा इतिहास सांगताना सुरुवातीला याच फिल्मचे नाव घेतले जाते. तिची प्रत आज हाती नाही. पुढे १९३४ मध्ये पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबूकाका’ ही कार्टून फिल्म काढली.

हे प्रयत्न तुरळक होते. कार्टून फिल्म म्हणजे हजारो चित्रे, मोठा चमू आणि महिनोन्‌महिन्यांचे काम. तिकिटाच्या पैशातून हा खर्च भरून निघत नसे. म्हणून नियमित निर्मितीसाठी सरकारी संस्थेची वाट पाहावी लागली.

पेडर रोडवरची शाळा

फिल्म्स डिव्हिजन १९४८ मध्ये मुंबईत स्थापन झाली. पेडर रोडवरच्या तिच्या आवारात १९५६ मध्ये कार्टून फिल्म विभाग सुरू झाला. तिथल्या तरुण चित्रकारांना शिकवायला अमेरिकेहून क्लेअर वीक्स आले. वीक्स यांचा जन्म भारतातला. डिस्नेच्या स्टुडिओत ‘बाम्बी’सारख्या चित्रपटांवर काम करून त्यांनी हात तयार केला होता. या विभागाची पहिली मोठी फिल्म ‘द बनियन डिअर’ १९५७ मध्ये पूर्ण झाली. तिची कथा जातकातली. राजाच्या शिकारीसाठी रोज एका हरणाने जायचे असे ठरलेले असते. गाभण हरिणीची पाळी येते तेव्हा कळपाचा नायक तिच्या जागी स्वतः उभा राहतो.

राम मोहन याच विभागात १९५६ मध्ये दाखल झाले आणि पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून ओळखले गेले. जी. के. गोखले यांच्यासारखे मराठी ॲनिमेटर इथेच काम करत होते. भीमसेन खुराणा इथे पार्श्वभूमीची चित्रे रंगवता रंगवता ॲनिमेशन शिकले. नंतर त्यांनी स्वतंत्रपणे केलेल्या ‘द क्लाइंब’ या फिल्मला शिकागोच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले.

या फिल्म मुलांपर्यंत पोहोचत त्या दोन वाटांनी. चित्रपटगृहांना परवान्याच्या अटीनुसार प्रत्येक खेळाआधी मान्यताप्राप्त लघुपट दाखवावा लागे. त्यात बहुतेक वेळा समाचारचित्र किंवा माहितीपट असे, आणि अधूनमधून कार्टून फिल्म. बचत, आरोग्य, कुटुंबनियोजन असे विषय मोठ्यांसाठी होते, पण हलत्या चित्रांमुळे मुले त्यांत रमत. दुसरी वाट गावांकडे जाणारी. प्रचार विभागाच्या गाड्या प्रोजेक्टर घेऊन गावोगाव फिरत. देवळापुढच्या किंवा शाळेच्या पटांगणात पांढरा पडदा बांधला जाई आणि अंधार पडल्यावर खेळ सुरू होई. त्या काळच्या मुलांनी पाहिलेले पहिले हलते चित्र पुष्कळदा असे, उघड्यावर, साऱ्या गावासोबत पाहिलेले होते.

‘एक अनेक और एकता’

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. सुरुवातीला टीव्ही मोजक्या घरांत होता. आळीतली किंवा चाळीतली मुले त्या घरी जमत आणि जमिनीवर दाटीवाटीने बसत. कार्यक्रम मध्येच बंद पडला की पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी येई. दोन कार्यक्रमांमधली जागा भरायला छोट्या फिल्म लावल्या जात. त्यांतली १९७४ ची ‘एक अनेक और एकता’ ही फिल्म कित्येक वर्षे पुनःपुन्हा लागत राहिली आणि असंख्य मुलांच्या आठवणीतली पहिली कार्टून फिल्म ठरली.

फिल्म जेमतेम सात मिनिटांची आहे. एक मुलगा आपल्या दीदीला विचारतो, अनेक म्हणजे काय? दीदी सूर्य, चंद्र आणि तारे दाखवून एक आणि अनेक यांतला फरक सांगते. मग गोष्ट सुरू होते. दाणे टिपायला चिमण्यांचा थवा उतरतो आणि पारध्याच्या जाळ्यात सापडतो. सगळ्या मिळून जोर लावतात आणि जाळ्यासकट उडतात. पारधी खाली धावत राहतो. चिमण्या आपल्या मित्रांकडे, उंदरांकडे पोहोचतात. उंदीर जाळे कुरतडतात आणि थवा मोकळा होतो. कथा जुनी, पंचतंत्र-हितोपदेशातून घरोघरी पोहोचलेली. फिल्मने तिचा शेवट देशाच्या एकतेशी जोडला.

दिग्दर्शन विजया मुळे यांचे होते. १९२१ मध्ये मुंबईत जन्मलेल्या विजयाबाई फिल्म सोसायटी चळवळीतल्या आघाडीच्या कार्यकर्त्या होत्या आणि सत्यजित राय यांच्याशी त्यांचा जवळचा स्नेह होता. शिक्षणासाठी चित्रपट कसा वापरायचा, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. सत्तरच्या दशकात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत टीव्ही पोहोचवण्याचा मोठा प्रयोग झाला, तेव्हा ग्रामीण मुलांसाठीच्या कार्यक्रमांतही त्यांनी मोलाचे काम केले. ‘एक अनेक’मधल्या आकृती आणि ॲनिमेशन भीमसेन यांचे. गीत दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे. संगीत वसंत देसाई यांचे. ‘दो आँखें बारह हाथ’ आणि ‘गुड्डी’ या चित्रपटांतल्या त्यांच्या प्रार्थना देशभरच्या शाळांत म्हटल्या गेल्या. फिल्ममधला कोवळा आवाज दाभोळमध्ये जन्मलेल्या, तेव्हा पाच-सहा वर्षांच्या साधना सरगम यांचा आहे. फिल्मला सर्वोत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

एवढीशी फिल्म करायलाही किती हात लागत, हे हिशेबाने कळते. सात मिनिटे म्हणजे ४२० सेकंद, म्हणजे सुमारे १० हजार चौकटी. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी पाच हजार चित्रे होतात. प्रत्येक पात्राची रेघ पारदर्शक शीटवर उतरवायची, मागच्या बाजूने रंग भरायचा, शीट रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवायची आणि वरून लावलेल्या कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपायची. काम आवाक्यात राहावे म्हणून फक्त हलणारा भाग नव्याने काढला जाई आणि बाकीचा तसाच ठेवला जाई. ‘एक अनेक’मधल्या सपाट रंगांच्या, मोजक्या रेषांच्या आकृती या काटकसरीत चपखल बसल्या. त्या सोप्या होत्या म्हणून मुलांना पाटीवर आणि वहीतही काढता आल्या.

आठवण का राहते

माणसाला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयाआधीचे फारसे आठवत नाही. मानसशास्त्रात याला बाल्यविस्मृती म्हणतात. मेंदूतली प्रसंग साठवणारी यंत्रणा त्या वयात अजून घडत असते आणि अनुभव शब्दांत मांडण्याइतकी भाषाही आलेली नसते. म्हणजे पहिली म्हणून आठवणारी फिल्म खरोखरच पहिली असेल असे नाही. ती आठवणीत टिकलेली पहिली असते.

ती टिकण्याची कारणे तीन. पहिले कारण पुनरावृत्ती. एकच फिल्म अनेकदा पाहिली की तिचा ठसा पक्का होतो, मात्र वेगवेगळ्या वेळा एकमेकींत मिसळून जातात. म्हणून फिल्म लख्ख आठवते, पण पहिल्यांदा कधी पाहिली ते सांगता येत नाही. दुसरे कारण गाणे. चाल आणि यमक शब्दांना जागच्या जागी धरून ठेवतात. एक ओळ आठवली की पुढची आपोआप येते. ‘एक अनेक’चे नाव न सांगता येणारी माणसेही तिचे गाणे अजून म्हणतात. तिसरे कारण बोलणे. आई-वडील किंवा आजी मुलाशी पाहिलेल्या गोष्टीविषयी बोलतात, पारधी कुठे राहिला, उंदरांनी काय केले असे विचारतात, तेव्हा मूल तो अनुभव ओळीने सांगायला शिकते. सांगितलेला अनुभव न सांगितलेल्यापेक्षा जास्त टिकतो.

आठवण मूळ अनुभवाची हुबेहूब नक्कल नसते. ‘एक अनेक’ रंगीत आहे, पण भारतात रंगीत प्रसारण १९८२ मध्ये आले. त्याआधी ती मुलांनी करड्या छटांत पाहिली. नंतर रंगीत पडद्यावर पुन्हा पाहिली की दोन्ही आठवणी मिसळतात आणि आधीची करडी फिल्मही मनात रंगीत होऊन बसते.

रविवारची सकाळ

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दूरदर्शनची रविवार सकाळ मुलांची झाली. १९९३ मध्ये ‘जंगल बुक’ हिंदीत सुरू झाली. मूळ मालिका जपानची, निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये केलेली, ५२ भागांची. किपलिंगच्या कथा भारतातल्या जंगलात घडतात, त्या जपानी चित्रकारांनी रेखाटल्या आणि हिंदीत बोलत्या होऊन परत आल्या. शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले, संगीत विशाल भारद्वाज यांनी दिले. शेरखानला आवाज नाना पाटेकर यांनी दिला. या मालिकेच्या आठवणीतही गाणे आणि आवाज अग्रभागी आहेत.

याच काळात भारत आणि जपान यांच्या सहकार्याने ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट तयार झाला. युगो साको यांच्यासोबत राम मोहन त्याच्या दिग्दर्शनात होते. चित्रपटगृहांत तो तेव्हा फार पोहोचला नाही. मुलांनी तो नंतर टीव्हीवर पाहिला आणि तिथेच तो त्यांच्या मनात रुजला. जानेवारी २०२५ मध्ये तो देशभर पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा तो लहानपणी पाहिलेले प्रेक्षक आपल्या मुलांना घेऊन गेले.

केबल आणि त्यानंतर

१९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले आणि कार्टूनसाठी वाट पाहणे संपले. ‘टॉम अँड जेरी’त संवाद जवळजवळ नाहीत, त्यामुळे इंग्रजी न येणारी मुलेही ती मजेत पाहत. पुढे ‘डोरेमॉन’, ‘छोटा भीम’ आले आणि मराठी घरातली लहान मुले शाळेआधीच हिंदी बोलू लागली. मराठीत मात्र मुलांसाठी ॲनिमेशन फारच थोडे झाले. व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांचा ‘हनुमान’ (२००५) हिंदीत होता. शिवचरित्रावरचा ‘प्रभो शिवाजी राजा’ हा मराठी ॲनिमेशनपट यायला २०१८ उजाडले. ‘आगकाड्यांची मौज’ला तोवर शंभर वर्षे होऊन गेली होती. ज्या भाषेच्या माणसाने भारतात या कलेचा पाया घातला, त्या भाषेतल्या मुलांची पहिली फिल्म अजूनही दुसऱ्या भाषेत बोलते, ही उणीव मोठी आहे आणि ती भरून काढण्याजोगी आहे.

फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिच्या कित्येक जुन्या फिल्म आज इंटरनेटवर पाहता येतात, ‘एक अनेक और एकता’ही. पेडर रोडच्या आवारातच भारतीय सिनेमाचे राष्ट्रीय संग्रहालय उभे आहे. पालकांनी मुलांना ‘एक अनेक’ची ही सात मिनिटे जरूर दाखवावीत, शेजारी बसून दाखवावीत आणि नंतर त्यांच्याशी त्याविषयी बोलावे. विजया मुळे, वसंत देसाई, भीमसेन, साधना सरगम ही नावे त्यांना त्याच वेळी सांगावीत.