आधी कोणता बाइट?

वायफाय कार्डावर मुख्य चिपच्या शेजारी एक छोटी साठवण असते. कार्डाचा पत्ता, कोणत्या चॅनलवर किती शक्तीने प्रक्षेपण करायचे, कोणत्या देशाचे नियम पाळायचे, ही माहिती कारखान्यातच तिच्यात भरलेली असते. अथेरॉसच्या चिपांसाठी २००८ साली लिनक्स कर्नलमध्ये आलेला ‘एथ९के’ हा ड्रायव्हर सुरू होताच ती वाचून घेतो.

त्यातला देशाचा रकाना पाहू. आंतरराष्ट्रीय यादीत भारताचा क्रमांक ३५६ आहे. सोळा बिटांच्या या रकान्यात सर्वांत वरचा बिट लावला, की पुढचा आकडा देशाचा आहे असे ड्रायव्हर समजतो. त्या बिटाची किंमत ३२७६८, म्हणून रकान्यात ३३१२४ येतात. साठवणीत याचे दोन बाइट होतात: वरचा १२९ आणि खालचा १००. ते उलट क्रमाने जोडले तर २५७२९ मिळतात. वरचा बिट नाहीसा झालेला असतो आणि ड्रायव्हरला भारत दिसतच नाही.

खालचा बाइट आधी ठेवणे म्हणजे लिटल एंडियन, वरचा आधी ठेवणे म्हणजे बिग एंडियन. ही नावे डॅनी कोहेन यांनी १ एप्रिल १९८० च्या टिपणात स्विफ्टच्या १७२६ च्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधून उचलली. सगळ्यांनी एकच क्रम ठरवावा, असे त्यांचे आर्जव होते. तसे झाले नाही. इंटेलच्या लॅपटॉपवर खालचा बाइट आधी येतो. कित्येक घरगुती राउटरमधले मिप्स प्रोसेसर मात्र बिग एंडियन चालतात. ड्रायव्हर दोन्हीकडे तोच असतो.

माहिती चुकीची वाचली गेली तर चेकसम ती पकडेल, असे सहज वाटते. इथे पकडत नाही, आणि मला या प्रकरणातली सर्वांत बोधप्रद गोष्ट हीच वाटते. या साठवणीत सोळा बिटांच्या सगळ्या शब्दांचा एक्सऑर काढला, की सोळाही बिट एक यावे लागतात. आता प्रत्येक शब्दातल्या बाइटांची अदलाबदल करा. उत्तराचेही बाइट बदलतील, पण सगळेच बिट एक असल्याने उत्तर तेच राहील. माहिती पूर्ण उलटी असूनही तपासणी निर्धास्तपणे पार पडते.

जुना ड्रायव्हर साठवणीच्या सुरुवातीची खूण पाहून अंदाज बांधत असे. खूण उलटी दिसली तर सगळे शब्द उलटवायचे आणि मग मोठे रकाने पुन्हा सरळ करायचे. पण खूण सांगते ती शब्द ड्रायव्हरपर्यंत कसे पोचले एवढेच. आतले रकाने कोणत्या क्रमाने लिहिले आहेत, हे सांगणारा बिट माहितीच्या शीर्षभागात वेगळा आहे. एकाच खुणेवर दोन्ही निर्णय सोपवणे ही खरी चूक होती. २०१६ साली मांडलेल्या दुरुस्त्यांनी तो बिट विचारात घेतला आणि रकान्यांचे प्रकारच ‘लिटल एंडियन सोळा बिट’, ‘लिटल एंडियन बत्तीस बिट’ असे घोषित केले.

प्रकार घोषित करण्याचे मोल मोठे आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये सुरू केलेले ‘स्पार्स’ हे तपासणी साधन अशा रकान्याला साधी संख्या मानत नाही. रूपांतर न करता त्याची बेरीज केली किंवा तो साध्या चलात टाकला, तर लगेच इशारा देते. कंपायलर मात्र गप्प राहतो. इंटेलच्या मशीनवर हे रूपांतर म्हणजे काहीच न करणे, त्यामुळे ते विसरले तरी प्रोग्राम बिनबोभाट चालतो. तिथे कितीही चाचण्या घेतल्या तरी ही चूक सापडत नाही. ती सापडते कोणाच्या तरी घरच्या राउटरवर.

उलट टोकाची चूकही होते. ‘रीडएल’सारखी कर्नलची फंक्शन्स रजिस्टर वाचतानाच क्रम बदलून देतात, त्यावर पुन्हा रूपांतर केले, की बिग एंडियन मशीनवर आकडा परत उलटा.

म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्या आपल्या तरुण मित्रांना विनंती आहे: साठवणीतला क्रम हा साठवणीचा गुण आहे, प्रोसेसरचा नव्हे. तो रकान्याच्या प्रकारात लिहा, रूपांतर वाचण्याच्या जागी एकदाच करा आणि पॅच पाठवण्यापूर्वी स्पार्स चालवा.