शिक्क्याचं वजन

एक फोटो मी अनेकदा पाहिला आहे. छतापासून लोंबणारी एक पोलादी सळई, सव्वा इंच जाडीची. तिच्या खालच्या टोकाला नट आणि वॉशर, दोन्ही जागच्या जागी. सळई तुटलेली नाही, आटे उडालेले नाहीत. नटावर टेकलेला पूल मात्र नाहीसा झालाय.

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातलं कॅन्सस सिटी. हयात रीजन्सी हॉटेल सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. १७ जुलै १९८१, शुक्रवारची संध्याकाळ. तळमजल्याच्या भव्य दालनात नाचाचा कार्यक्रम रंगला होता, दीड हजारांच्या आसपास माणसं जमली होती. दालनात तीन पादचारी पूल छताला टांगलेले होते, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या पातळीवर. चौथा बरोबर दुसऱ्याच्या डोक्यावर, तिसरा बाजूला वेगळा. सात वाजून गेले आणि चौथ्या मजल्याचा पूल निसटून दुसऱ्यावर आदळला, मग दोन्ही मिळून खालच्या गर्दीवर. ११४ माणसं गेली. दोनशेच्या आसपास जखमी झाली. बाजूचा तिसरा पूल तसाच टांगलेला राहिला.

नेमकं चुकलं काय, हे समजून घ्यायला दोरीचा मल्लखांब आठवा. एकाच दोरीवर दोन मुलं आहेत, एक वर, एक खाली. दोघांनी आपापली पकड दोरीवर घेतलीय. वरच्या मुलाच्या हातांवर फक्त त्याचं स्वतःचं वजन. आता खालच्याने दोरी सोडली आणि वरच्याचे पाय धरले. दोरीवरचा भार तेवढाच आहे, पण वरच्याच्या पकडीवरचा भार एका क्षणात दुप्पट!

मूळ नकाशात एकच लांब सळई छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलातून आरपार थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत जात होती. प्रत्येक पुलाला आपापला नट. पण चौथ्या मजल्याचा नट जागेवर न्यायचा, तर त्याच्या खालच्या सगळ्या लांबीवर आटे पाडावे लागणार, आणि सळई उभी करताना ते आटे खराब होणार. पोलादाचं काम करणाऱ्या फॅब्रिकेटरकडून सुटसुटीत बदल आला: दोन सळया करा. एक छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत. दुसरी चौथ्या मजल्याच्या तुळईतून निघून खाली. म्हणजे खालच्या पुलाने वरच्याचे पाय धरले. तुळई तरी कशी? दोन चॅनल समोरासमोर ठेवून वेल्डिंगने जोडलेली पेटी, आणि भोक पाडलेलं नेमकं त्या सांध्यातून. नट तो सांधा उसवत वर निघून गेला. सरकारी तपासात आणखी एक गोष्ट उघड झाली: मूळ रचनासुद्धा शहराच्या बांधकाम नियमाने मागितलेल्या किमान भारापैकी फक्त ६० टक्केच पेलू शकली असती.

बदललेल्या शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे फॅब्रिकेटरच्या कामाच्या नकाशावर, अभियंत्याचा शिक्का होता. माझं कुतूहल खरं तर या शिक्क्याभोवती आहे.

फौजदारी खटला कुणावरच झाला नाही. पण परवाने देणाऱ्या राज्य मंडळाने वेगळा प्रश्न विचारला: या अभियंत्यांच्या हाती शिक्का राहू द्यायचा का? प्रकल्पाची जबाबदारी जॅक गिलम यांची. ड्रॉइंगवर शिक्का त्यांचा. रोजचं काम पाहणारे डॅनियल डंकन. सळई आणि तुळईच्या त्या जोडाचं गणित कुणी केलंच नव्हतं. आर्किटेक्टनी विचारलं तेव्हा डंकन यांनी तो सुरक्षित असल्याची ग्वाही दिली होती. बचाव असा होता की, जोडाचा तपशील फॅब्रिकेटरने ठरवायचा, तशीच या धंद्यातली रीत आहे. १९८५च्या निकालाने ही रीत मानली नाही. घोर निष्काळजीपणा आणि व्यावसायिक गैरवर्तन सिद्ध झालं. गिलम यांच्या बाबतीत तर, कायद्याने सोपवलेली जबाबदारी आपली नाहीच असं म्हणणं हाही स्वतंत्र दोष धरला गेला. मला यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. काम दुसऱ्यावर सोपवता येतं, शिक्क्यामागची जबाबदारी सोपवता येत नाही. १९८६मध्ये दोघांचे मिसूरीतले परवाने रद्द झाले, अपिलातही १९८८मध्ये निकाल कायम राहिला.

शिक्षा पाहायला गेलं तर केवढी? तुरुंग नाही. तळहातात मावणारी एक वस्तू काढून घेतली. पण ज्याची सही म्हणजे इमारत, त्याच्याकडून ती घेणं म्हणजे त्याचा हातच काढून घेणं.

आपल्याकडे आर्किटेक्टसाठी १९७२चा कायदा आहे, वकिलांसाठी १९६१चा. गैरवर्तन केलं तर नाव पटावरून उडतं. अभियंत्यांसाठी देशपातळीवर असा नोंदणीचा कायदा नाही; महापालिका आपापल्या हद्दीपुरते परवाने देतात. आपल्या सोसायटीचे आरसीसी कन्सल्टंट कोण, हे तरी आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं? मला कायद्याची ही उणीव फार गंभीर वाटते.

गिलम यांनी पुढे जबाबदारी उघडपणे स्वीकारली. अभियंत्यांच्या सभांमध्ये जाऊन ते वर्षानुवर्षं त्या जोडाची हकिकत सांगत राहिले.