एकेचाळीस नमुन्यांतील एक

बारामती तालुक्याच्या पश्चिमेकडील मोरगाव, सुपे, लोणी भापकर हा पट्टा आणि त्याला लागून असलेला पुरंदर तालुका हे दोन्ही पर्जन्यछायेतील प्रदेश असून तेथे पाणी साठवून ठेवणे ही घरोघरची गरज आहे. रांजण, पिंप, सिमेंटच्या टाक्या आणि जनावरांचे हौद आठ-आठ दिवस भरलेले राहतात, आणि अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात एडिस इजिप्ती या डासाची पैदास होते. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका हे तिन्ही आजार हाच डास पसरवतो. त्यामुळे पावसाळ्यात या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत अंग दुखणारे, सांधे धरलेले तापाचे रुग्ण येणे यात नवल काहीच नाही. वैद्यकशास्त्रात ज्याला ‘दुर्मीळ रुग्णनोंद’ म्हणतात, ती बहुधा अशाच सामान्य रुग्णांच्या रांगेतून निघते, आणि ती कशी निघते हे पाहण्यासाठी जेजुरीजवळच्या बेलसर या गावाइतके चांगले उदाहरण पुणे जिल्ह्यात दुसरे मिळणार नाही.

जुलै २०२१ च्या सुरुवातीपासून बेलसरमध्ये तापाचे रुग्ण वाढू लागले. करोनाची दुसरी लाट नुकती ओसरत होती आणि साऱ्या आरोग्ययंत्रणेचे लक्ष तिकडेच लागलेले असताना या तापाकडे दुर्लक्ष झाले असते तरी कोणी फारसा दोष दिला नसता. तसे झाले नाही. पाच रुग्णांचे रक्तनमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे पाठवण्यात आले आणि त्यांपैकी तीन नमुन्यांत चिकुनगुन्या आढळला. उत्तर मिळाले होते आणि प्रकरण तेथेच मिटवता आले असते, परंतु संस्थेचे पथक २७ ते २९ जुलै या काळात बेलसर आणि परिंचे या गावांत गेले व त्याने आणखी ४१ जणांचे नमुने घेतले. त्यांत २५ जणांना चिकुनगुन्या, तिघांना डेंग्यू आणि एका ५० वर्षांच्या महिलेला झिका झाल्याचे दिसून आले. तिला झिकाबरोबरच चिकुनगुन्याचाही संसर्ग होता आणि अहवाल हाती येईपर्यंत ती बरीही झाली होती. महाराष्ट्रातील झिकाचा हा पहिला निदान झालेला रुग्ण असल्याचे राज्य शासनाने ३१ जुलै रोजी जाहीर केले.

झिकाचा विषाणू १९४७ मध्ये युगांडातील झिका नावाच्या जंगलात, संशोधनासाठी पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडाच्या रक्तात प्रथम सापडला. पुण्याचा त्याच्याशी संबंधही जुना आहे. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले, तेच पुढे १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाऊ लागले. या केंद्राने सुरुवातीलाच केलेल्या आणि १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भारतातील १९६ जणांच्या रक्तद्रवांपैकी ३३ नमुन्यांत झिकाविरोधी प्रतिपिंडे, म्हणजे पूर्वी झालेल्या संसर्गाची शरीरात उरलेली खूण, आढळल्याची नोंद आहे. ही खूण खरोखर झिकाचीच की त्याच कुळातील डेंग्यूसारख्या एखाद्या विषाणूची, याबद्दल शंका घेण्यास जागा आहे, कारण या कुळातील विषाणूंची प्रतिपिंडे एकमेकांच्या चाचण्यांना प्रतिसाद देतात. म्हणूनच आजचे निदान प्रतिपिंडांवर न थांबता आरटी-पीसीआर या चाचणीने, म्हणजे विषाणूचे जनुकीय द्रव्य थेट शोधून केले जाते.

संसर्ग झालेल्या पाचांपैकी सुमारे चौघांना झिकाचा त्रास जाणवतच नाही, आणि उरलेल्यांना अंगावर पुरळ, सौम्य ताप व सांधेदुखी होऊन आठवड्याच्या आत आराम पडतो. मग एका बऱ्या झालेल्या रुग्णासाठी एवढी धावपळ का झाली, याचे उत्तर केंद्र शासनाने ऑगस्टच्या आरंभी पाठवलेल्या त्रिसदस्य पथकाच्या रचनेत मिळते. त्यात सार्वजनिक आरोग्यतज्ज्ञ व कीटकतज्ज्ञ यांच्याबरोबर दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयातील एक स्त्रीरोगतज्ज्ञही होत्या. गरोदरपणात झिका झाल्यास गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते, हे २०१५-१६ च्या ब्राझीलमधील साथीत प्रकर्षाने पुढे आले होते. हा विषाणू लैंगिक संबंधातूनही पसरत असल्यामुळे बेलसरमध्ये पाण्याच्या भांड्यांची तपासणी, औषधफवारणी आणि पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवण्याचा ‘कोरडा दिवस’ यांच्या जोडीने निरोधवाटप करून काही महिने गर्भधारणा टाळण्याचा सल्ला देण्यात आला. डासांचा बंदोबस्त करणाऱ्या कर्मचाऱ्यांना गावकऱ्यांशी या विषयावर बोलावे लागण्याचा प्रसंग ग्रामीण महाराष्ट्रात क्वचितच आला असेल.

एका रुग्णाची लक्षणे, तपासण्या, उपचार आणि परिणाम यांचा शिस्तशीर वृत्तान्त म्हणजे रुग्णनोंद. तिची ताकद आणि मर्यादा दोन्ही बेलसरच्या उदाहरणात स्पष्ट दिसतात. झिका येथे पोहोचला आहे, एवढे ती निःसंशय सांगते. परंतु त्या महिलेला झालेला त्रास कोणत्या विषाणूमुळे झाला, हे दोन विषाणू एकाच वेळी अंगात असताना ती सांगू शकत नाही. गावात आणखी किती जणांना लक्षणांविना संसर्ग होऊन गेला, हेही एका नमुन्यावरून कळत नाही, कारण किती जणांपैकी एक, या प्रश्नातील पहिली संख्याच तिच्याजवळ नसते. येथे ४१ हा आकडाही त्या अर्थाने उपयोगाचा नाही, कारण नमुने गावातून सरसकट घेतलेले नव्हते. म्हणून रुग्णनोंद हा पुराव्याच्या उतरंडीतील अगदी खालच्या थरांपैकी एक मानला जातो, जरी वरचे सारे थर बहुतेक वेळा तिच्यावरच उभे असतात.

या नोंदीची दुसरी बाजू अधिक अवघड आहे. वैद्यकीय नियतकालिकात रुग्णाचे नाव छापले जात नाही आणि रुग्णाची लेखी संमती घेतली जाते. मोठ्या शहरात तेवढ्याने ओळख झाकली जाते. काही हजार वस्तीच्या गावात मात्र गावाचे नाव, वय आणि ‘महिला’ एवढे जाहीर झाले की नाव सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही. साथ रोखण्यासाठी गावाचे नाव सांगणे आवश्यकच होते, परंतु वयाचा नेमका आकडा सांगण्याची गरज होती का, हा प्रश्न विचारला जायला हवा होता.

जिल्ह्यातील दुसरे एक उदाहरण याहून बोलके आहे आणि त्यात रुग्णच नाही. दौंड तालुक्यातील यवत येथे २००० मध्ये पकडलेल्या एडिस डासांतून विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चिकुनगुन्याचा विषाणू वेगळा केला. त्या वेळी देशात चिकुनगुन्या जवळजवळ विसरला गेला होता, कारण १९७३ च्या बार्शीच्या साथीनंतर त्याची मोठी साथ आलेली नव्हती. २००५-०६ मध्ये तो अचानक परतला आणि एकट्या २००६ या वर्षात देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. या साथीतील विषाणू १९७३ च्या आशियाई प्रकारचा नसून आफ्रिकी प्रकारचा निघाला, आणि यवतच्या डासांतला जुना विषाणू तपासला असता तोही आफ्रिकी प्रकारचाच असल्याचे आढळले. म्हणजे साथीच्या निदान पाच वर्षे आधी हा पाहुणा सोलापूर रस्त्यावरच्या एका गावात येऊन पोहोचलेला होता. नमुना जपून ठेवलेला असल्यामुळेच हे उशिरा का होईना कळले.

काही वेळा मात्र मोजक्या रुग्णांची नोंददेखील पुरेशी ठरते. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. य. मो. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ज्यांचे वर्णन केले त्या तीन व्यक्तींचे रक्त कोणत्याही ज्ञात गटाशी जुळत नव्हते. ‘ओ’ गटाच्या तांबड्या पेशींवरही असणारा ‘एच’ हा मूळ घटकच त्यांच्या पेशींवर नव्हता, त्यामुळे सर्वांना चालते असे समजले जाणारे ‘ओ’ रक्तही त्यांना घातक ठरू शकत होते. ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून जगभर ओळखला जाणारा हा गट भारतात साधारणपणे दहा हजारांत एकाचा असतो. येथे हजारो रुग्णांच्या चाचणीची गरज पडली नाही, कारण वेगळेपणाचे कारण प्रयोगशाळेत थेट दाखवता आले.

बहुतेक आजारांत असे होत नाही, आणि निरीक्षणापासून चाचणीपर्यंतचा लांब रस्ता चालावा लागतो. तो रस्ता महाराष्ट्रात सर्वांत चिकाटीने चालले ते महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर. मूळचे जालना जिल्ह्यातील असलेले बावसकर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात विंचूदंशाने धडधाकट मुले व शेतकरी दगावत होते. आकाराने मोठी आणि काळी इंगळी दिसायला भयंकर असली, तरी जीवघेणा ठरतो तो लहान लाल विंचू, आणि तो मोरगाव-इंदापूरच्या माळरानांना व दगडी बांधांनाही परका नाही. बावसकरांनी दंश झालेल्या रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाने नाडी, रक्तदाब आणि लक्षणे टिपली. केवळ कळ फार येणारे रुग्ण सहसा बरे होत. ज्यांना उलट्या होत, दरदरून घाम फुटे, हातपाय गार पडत आणि पुरुषांत लिंगाला ताठरता येई, त्यांच्या फुप्फुसांत पुढे पाणी भरत असे. धोक्याची ही पूर्वचिन्हे मांडणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला.

लाल विंचवाच्या विषाने मज्जातंतूंतील सोडियमचे मार्ग उघडे राहतात आणि ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोट रक्तात उसळतो. त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो आणि अखेर थकलेले हृदय हार खाते. ही साखळी लक्षात आल्यावर रक्तवाहिन्या सैल करणारे, रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी १९८३ पासून देण्यास सुरुवात केली. गंभीर रुग्णांतील सुमारे ३० टक्क्यांचे मृत्यूचे प्रमाण कालांतराने एक टक्क्याच्या आसपास आले.

काटेकोर संशोधक येथेही आक्षेप घेऊ शकतो की ही तुलना जुन्या आणि नव्या काळातील रुग्णांची आहे, आणि दरम्यान रस्ते सुधारले, रुग्ण लवकर येऊ लागले, इतर उपचारही बदलले. आक्षेप तत्त्वतः योग्य असला, तरी मृत्यू इतके घटल्यावर निम्म्या रुग्णांना औषधाविना ठेवून खातरजमा करणे नीतीला धरून झाले नसते. पुढच्या प्रश्नाबाबत मात्र तशी अडचण नव्हती. घोड्यांना विषाचे अल्प डोस टोचून त्यांच्या रक्तद्रवापासून तयार केलेली विंचवाची प्रतिविषलस प्राझोसिनच्या जोडीला दिल्यास आणखी लाभ होतो काय, हे कोणालाच निश्चित ठाऊक नव्हते. म्हणून डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी ७० रुग्णांची यादृच्छिक विभागणी केली. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता योगायोगावर सोपवणे, म्हणजे यादृच्छिक विभागणी. तिच्यामुळे दोन्ही गट वय, दंशाची तीव्रता आणि लागलेला उशीर यांबाबत सारखे होण्याची शक्यता वाढते. दोन्ही गटांत ३५ रुग्ण होते. प्रतिविष आणि प्राझोसिन मिळालेल्यांपैकी ३२ जण दहा तासांत विषाच्या परिणामातून मुक्त झाले, केवळ प्राझोसिन मिळालेल्यांपैकी आठच. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध केले. कोणाला काय दिले आहे हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते, हा या चाचणीतील उणा भाग होता आणि लेखाच्या शीर्षकातच तो नमूद केलेला आहे. बावसकरांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, परंतु तालुक्याच्या गावातील छोट्या रुग्णालयात, मोठ्या अनुदानाविना अशी चाचणी पार पाडणे ही त्याहून विरळी गोष्ट आहे.

बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे मोरगाव, भिगवण, इंदापूर येथील रुग्णांचा अध्यापन रुग्णालयाशी संबंध आता अधिक वेळा येतो, आणि जेथे अध्यापन असते तेथे कधी ना कधी संशोधनासाठी संमती मागितली जाते. अशा वेळी रुग्णाला काही गोष्टी माहीत असाव्यात. उपचारासाठीची सही आणि संशोधनासाठीची सही या वेगळ्या असतात. संशोधनाचे माहितीपत्रक रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असावे लागते, आणि वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा लागतो. नकार दिल्याने किंवा मध्येच बाहेर पडल्याने नेहमीच्या उपचारात खंड पाडता येत नाही. रुग्णालयातील संशोधनाला नीतिविषयक समितीची पूर्वमान्यता लागते, आणि या समितीत डॉक्टरांव्यतिरिक्त कायद्याचा जाणकार व सामान्य नागरिकही असतो. औषधाच्या चाचण्यांची नोंदणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘सीटीआरआय’ या सार्वजनिक नोंदवहीत करावी लागते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून नोंदणी सक्तीची करण्यात आली. चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारून घेतल्यास, ती कोण करत आहे, किती रुग्णांवर होणार आहे आणि सुरुवातीलाच कोणता परिणाम मोजायचे ठरले होते, हे घरातील कोणीही मोबाइलवर पाहू शकते.