उपकार कोणाचे मानावयाचे?

बाजारभावाने पैसे मोजून घेतलेल्या अन्नाबद्दल आभार कोणाचे मानावयाचे, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडावा हे साहजिक आहे. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो जवळजवळ निकालातच काढला. खाटीक किंवा पाववाला आपल्या ताटात अन्न आणून सोडतो ते स्वतःचा लाभ पाहून. तेव्हा त्याच्या दयाबुद्धीला साद घालण्याचे कारण नाही, असा त्याचा रोखठोक हिशेब. वर्गात हा भाग शिकविताना मुलांना तो चटकन पटतो, कारण त्यात एक प्रकारची मुक्तता आहे. देणे फिटले, कोणी कोणाचा मिंधा राहिला नाही. याच स्मिथने सतरा वर्षे आधी, १७५९ साली, नैतिक भावनांवरील ग्रंथात कृतज्ञतेविषयी पानेच्या पाने लिहिली होती. परोपकाराच्या सर्व कर्तव्यांत कृतज्ञता ही पक्क्या बंधनाच्या सर्वांत निकट जाते, तरीही ती सक्तीने वसूल करता येत नाही, असे त्याचे मत होते. पण हा आधीचा स्मिथ आमच्या अभ्यासक्रमात नसतो.

प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाही. परंतु ख्रिस्ती घरात जेवणापूर्वी मान लववून जी चार वाक्ये उच्चारली जातात, त्यांच्याकडे आर्थिक व्यवहाराचा अभ्यासक म्हणून पाहिले तर काही गोष्टी विचार करावयास लावतात. त्यांतील पहिली गोष्ट शब्दाची. मराठी ख्रिस्ती समाजाने या प्रार्थनेसाठी ‘उपकारस्तुती’ असा शब्द योजिला आहे. ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी असलेल्या प्रभुभोजनविधीला ग्रीक भाषेत जे ‘युखारिस्तिया’ हे नाव पडले, त्याचाही अर्थ आभारप्रदर्शन असाच आहे. म्हणजे ख्रिस्ती धर्मात आभार मानणे हे प्रार्थनेच्या शेवटी उरकावयाचे सौजन्य नव्हे. तो उपासनेचा गाभाच होय. मात्र मराठीत ‘आभार’ हा सौम्य, सभासंमेलनातला शब्द आहे. ‘उपकार’ तसा नाही. त्याला एक कडवट चव आहे. ‘उपकार करतोस काय?’ असे आपण रागाने विचारतो. ‘त्यांचे उपकार नकोत’ असे म्हणून माणसे उपाशी राहिलेली आपण ऐकली आहेत. ज्याचे उपकार घेतले त्याच्यापुढे मान वर करून बोलता येत नाही, ही गोष्ट आपल्या गावगाड्याने शतकानुशतके माणसांना शिकविली.

‘गावगाडा’ हा शब्द मुद्दामच वापरला आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली त्याच नावाच्या ग्रंथात वर्णिलेली खेड्याची अर्थव्यवस्था आठवावी. बलुतेदाराने वर्षभर राबावयाचे आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन आपला वाटा मागावयाचा. कागदावर पाहू गेले तर हा हक्क होता. केलेल्या कामाचा तो धान्यरूप मोबदला होता. पण खळ्यावर उभ्या असलेल्या महाराला तो हक्कासारखा मिळत नसे, उपकारासारखा मिळे. माप किती भरावयाचे, वर किती टाकावयाचे, कोणत्या शब्दांत टाकावयाचे हे देणाऱ्याच्या हाती होते. श्रमाचा मोबदला उपकाराच्या स्वरूपात देणे, ही विषमता टिकवून धरण्याची फार प्रभावी रीत होय. लाचारी त्यात फुकट मिळते.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगर येथे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, आपले ठाणे मांडले. पुढे त्या जिल्ह्यातील खेड्यांत जी ख्रिस्ती मंडळी उभी राहिली, तिच्यात बहुसंख्य माणसे याच खळ्याच्या कडेला उभी राहिलेली होती. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे तेथील हंगामाच्या उपकारस्तुतीचा अर्थ निराळाच लागतो. सुगीनंतरच्या एखाद्या रविवारी ज्वारी-बाजरीची कणसे, मेथीच्या जुड्या, भोपळे, अंडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी असे जे ज्याला जमेल ते घेऊन माणसे मंदिरात येतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या नावे सातबारा नाही. ज्या धान्याबद्दल ते देवाचे उपकार मानतात ते दुसऱ्याच्या रानात राबून मिळविलेले आहे. मग जमीनमालकाचे काय? त्या प्रार्थनेत त्याचे नाव येत नाही, आणि माझ्या मते मर्म नेमके येथे आहे. धान्य देवाने दिले असे म्हणताच मालक दात्याच्या आसनावरून खाली उतरतो. तो मजुरी चुकती करणारा एक माणूस उरतो. अन्नदाता राहत नाही. उपकाराचे ओझे एकदा वर पोचविले की शेजारच्या माणसापुढे वाकण्याचे कारण संपते.

उपासना आटोपल्यावर कित्येक ठिकाणी या वस्तूंचा लिलाव होतो. आमच्या शास्त्राच्या दृष्टीने तो मोठा मौजेचा प्रकार आहे. लिलाव म्हणजे वस्तूची खरी किंमत हुडकून काढण्याचे साधन, असे आम्ही शिकवितो. येथे एका अंड्यावर बोली चढत जाते, बाजारात डझन येतील इतकी रक्कम मोजून कोणी ते घेतो, आणि लगेच पुन्हा लिलावासाठी परत देतो. तेच अंडे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विकले जाते. मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषा येथे निरुपयोगी ठरतात. ज्याने अंडे आणले त्याची ऐपत आणि त्याची उचललेली किंमत यांत काही संबंध राहू नये, हाच या खटाटोपाचा हेतू असावा असे वाटते. (त्यात थोडी चढाओढ आणि थोडा मिरवण्याचा भागही असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही.)

या प्रथेचे मूळ फार जुने आहे. बायबलातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात प्रथमफळांची टोपली घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याने काय बोलावे हे सांगितले आहे. अपेक्षा अशी की त्याने पिकाचे वर्णन करावे. पण त्याला सांगावयाचा असतो तो आपल्या भटक्या पूर्वजाचा, मिसरातील गुलामगिरीचा आणि तेथून झालेल्या सुटकेचा वृत्तान्त. आपण एके काळी वेठबिगार होतो याची कबुली दिल्याखेरीज त्या समाजात आभारप्रदर्शन पुरे होत नसे. त्या आनंदात लेव्याला आणि परक्यालाही सामील करून घ्यावे अशी आज्ञा आहे. पुढच्याच भागात तिसऱ्या वर्षाच्या दशांशाचा विषय येतो. तो लेवी, परका, पोरका आणि विधवा यांना द्यावयाचा. स्तुती देवाची, परंतु देणे चुकते करावयाचे ते दुबळ्या माणसांचे.

आता येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळता येण्यासारखा नाही. गावाच्या उपकारातून सुटलेली माणसे मिशनच्या उपकारात अडकली नाहीत काय? दुष्काळात धान्य देऊन धर्म दिला, हा आरोप मिशनवर वारंवार झाला, आणि पोटासाठी झालेली धर्मांतरे मुळीच नव्हती असे कोणी म्हणू नये. परदेशी पैशावर चालणारी शाळा, पगारी उपदेशक, बंगल्यातला साहेब यांतून एक नवे मिंधेपण तयार होतच होते. त्याचा जाच सर्वांत तीव्रतेने ज्यांना झाला ते ख्रिस्ती लोकच होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मिशनचे काम केले; परंतु १९१७ साली त्यांनी ती पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ आरंभिला. ज्या देवाची स्तुती गावयाची त्याच्या आणि आपल्यामध्ये वेतनपत्रक असू नये, असे त्यांना वाटले असल्यास ते उपकारस्तुतीच्या तर्काशी सुसंगतच होते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. १८७०च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील अन्नावाचून गेले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण ज्या भगिनींच्या आश्रयाने घेतला त्यांच्याशी सिद्धान्ताच्या आणि अधिकाराच्या प्रश्नावर त्यांनी जो पत्रव्यवहार केला तो उपकृताच्या भाषेतला नाही. १८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनातील संख्या पुढे हजारावर गेली. १९०७ साली त्यांनी आपल्या जीवनाची साक्ष इंग्रजीत प्रसिद्ध केली, आणि तिच्या शीर्षकात आपल्याला लाभलेल्या ठेव्याला ‘कधीही न सरणारा’ असे विशेषण लावले. दुर्मिळतेच्या गृहीतकावर उभ्या असलेल्या आमच्या शास्त्राला न सरणारे धन ठाऊक नाही. भुकेने आईवडील गमावलेल्या बाईने हा शब्द निवडावा याला भाबडेपणा म्हणता येत नाही. ती हिशेबात कच्ची नव्हती. एवढ्या मुलींना रोज जेवू घालणाऱ्या बाईला प्रत्येक पोत्याचा हिशेब ठेवावा लागतो.

आभाराच्या प्रार्थनेची खरी परीक्षा वाईट वर्षी होते. युरोपात तीस वर्षांचे युद्ध (१६१८ ते १६४८) चालू असता सॅक्सनीतील आयलेनबुर्ग या तटबंदीच्या गावात मार्टिन रिंकार्ट नावाचा धर्मोपदेशक होता. निर्वासितांनी गाव भरून गेले आणि १६३७ साली महामारी आली. अन्य धर्मोपदेशक मेले किंवा निघून गेले. रिंकार्टने चार हजारांहून अधिक माणसे पुरली, त्यांत त्याची पत्नीही होती. मागोमाग दुष्काळ पडला. जवळचे होते ते वाटून टाकल्यावर स्वतःच्या मुलांच्या अन्नवस्त्रासाठी पुढचे उत्पन्न गहाण टाकण्याची पाळी त्याच्यावर आली. जर्मन ख्रिस्ती समाजाचे सर्वांत प्रसिद्ध आभारस्तोत्र या माणसाचे आहे. ते प्रेतांच्या राशीत बसून रचले, असे प्रवचनांत सांगतात. वस्तुतः ते महामारीच्या आधीचे असावे, आणि आरंभी ते घरात जेवणाच्या वेळी म्हणावयाचे होते असे समजतात. मला ही साधी हकीकत अधिक मोलाची वाटते. संकटात त्याने नवे काही रचले नाही. रोजच्या ताटावरचे जुने शब्दच त्याच्यापाशी शिल्लक होते.

नवसाचा व्यवहार याहून वेगळा. तू हे दे, मी ते देईन, असा तो करार असतो आणि त्यात मुदत, वस्तू, मोबदला सारे ठरलेले असते. हा प्रकार केवळ हिंदूंचा आहे असे समजण्याचे कारण नाही. वांद्र्याच्या मोतमाउलीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हातपाय, मेणाची घरे वाहणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक असतात. त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही. पण लूकच्या शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोग्यांची कथा या कराराच्या पलीकडची आहे. दहा बरे झाले, आभार मानण्यास एकच परतला, आणि तोही परका, शोमरोनी. येशू उरलेल्या नऊ जणांविषयी विचारतो खरा. पण त्यांचा रोग त्यांना परत येत नाही. करार असता तर तो मोडल्याची भरपाई वसूल झाली असती.

याच शुभवर्तमानात आभाराची एक नापास झालेली प्रार्थनाही आहे. मंदिरात उभा राहून परूशी देवाचे आभारच मानतो. फक्त आपण त्या पलीकडच्या जकातदारासारखे नाही याबद्दल मानतो. भरल्या पोटाची कृतज्ञता पुष्कळदा याच जातीची असते. ‘देवाने आम्हाला काही कमी केले नाही’ असे म्हणणाऱ्याच्या बोलण्यात, ज्यांना कमी पडले त्यांचे खापर कोणाच्या माथी, हा प्रश्न दडलेला असतो. प्रभूच्या प्रार्थनेत भाकर मागितली आहे ती ‘माझी’ नव्हे, ‘आमची’. मराठी भाषांतरात पाव किंवा पोळी न येता गरिबाघरची भाकर आली, हेही फार चांगले झाले.

जे मिळाले त्याबद्दल देवाचे उपकार मानणारा माणूस अधिक मागणार नाही, तो संतोषी आणि म्हणून निरुपद्रवी होईल, अशी डाव्या विचारांच्या मित्रांची भीती असते. १९७२च्या दुष्काळाचा अनुभव येथे उपयोगी पडेल. खडी फोडणाऱ्या हातांवर सुकडी पडत होती, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्या जात होत्या, आणि हे सारे सरकारचे उपकार म्हणून मिळत आहे असे ऐकविणारे काही थोडे नव्हते. १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला आणि काम हा हक्क ठरला. त्या दिवसापासून मजुराने सरकारचे उपकार मानण्याचे कारण उरले नाही. पण त्या मजुरीतून आलेल्या भाकरीवर एखादे ख्रिस्ती कुटुंब प्रार्थना करीत असेल, तर तिला या कायद्याने बाध येत नाही. मस्टरवर एक दिवस कमी लागला तर त्यासाठी भांडावे आणि संध्याकाळी उपकारस्तुती करावी, या दोन गोष्टी एकाच घरात सुखाने नांदू शकतात.

अडचण आहे ती दुसरीकडे. मुंबईतील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ साजरा करतो. भाताच्या नव्या लोंब्यांना आशीर्वाद द्यावयाचा आणि त्या वाजतगाजत चर्चमध्ये न्यावयाच्या, असा हा सण. ज्या गावठाणांत तो होतो त्यांच्या भोवतीची शेते केव्हाच इमारतींखाली गेली. काही विकली गेली, काही सरकारने घेतली. लोंब्या आता बाहेरून आणाव्या लागतात, आणि ज्याने त्या पिकविल्या तो शेतकरी मिरवणुकीत असतोच असे नाही. त्याला त्या पेंढीचे पैसे पोचले असतील. ते किती पोचले, हे मिरवणुकीतल्या कोणी तरी एकदा विचारावयास हवे.