फ्रेंच सांगीतिक स्वयंचलित बाहुल्या : यंत्ररचना आणि संग्राह्यमूल्य

प्रस्तावना :
झाक द व्होकान्सन याने १७३८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे बासरी वाजविणारा मानवाकृती यांत्रिक पुतळा सादर केला. तो कुतूहलाचा व प्रदर्शनाचा विषय होता. पुढे साधारणतः १८६० ते १९१० या कालखंडात पॅरिसच्या मारे भागातील कार्यशाळांनी हेच कौशल्य व्यापारी उत्पादनात आणले. गुस्ताव्ह विशी, लेओपोल्द लांबेर आणि रुले ए दकां ही त्यांतील प्रमुख नावे होत. या बाहुल्या मुख्यतः मुलांच्या खेळण्यासाठी नव्हत्या. श्रीमंतांचे दिवाणखाने आणि दुकानांच्या दर्शनी खिडक्या हे त्यांचे स्थान होते.

यंत्ररचना :
बाहुलीच्या बैठकीत अथवा धडात पोलादी स्प्रिंग असते. चावी दिल्याने तिच्यात साठलेली शक्ती दोन कामे करते. खिळे जडविलेला पितळी दंडगोल फिरतो व त्याचे खिळे पोलादी फणीचे दात छेडतात. त्यातून संगीत निर्माण होते. त्याच वेळी उंचसखल कडांच्या चकत्या फिरून तरफा व तारांद्वारे मान, पापण्या आणि हात हलवितात. पंख्यासारखे फिरणारे पाते हवेच्या अवरोधाने गती नियंत्रित ठेवते.

संग्राह्यमूल्याची कारणे :
एका बाहुलीत अनेक व्यवसाय एकत्र येतात. बिनझिलईच्या चिनी मातीचे शिर बहुधा झ्युमो यांसारख्या बाहुली-उत्पादकाकडून येई. यंत्र, काचेचे डोळे, केस व रेशमी पोशाख यांचे कारागीर वेगळे असत. त्यामुळे सर्व भाग मूळचे असणे ही दुर्मीळ गोष्ट ठरते. बदललेले शिर किंवा नवा पोशाख मूल्य घटवितो. संग्राहक केवळ सौंदर्य नव्हे, तर ही अखंडता शोधत असतो. मात्र कृष्णवर्णीय व पौर्वात्य व्यक्तींना विक्षिप्त करमणूक म्हणून रंगविणाऱ्या अनेक आकृतींत तत्कालीन वसाहतवादी दृष्टीही दिसते. अशा वस्तूंचे मूल्यमापन करताना तिचा विसर पडता कामा नये.

जतनाचा पेच :
या बाहुल्यांचे सार हालचालीत आणि स्वरांत आहे; परंतु प्रत्येक वेळी चावी दिल्याने झीज होते. गतिनियंत्रक निकामी झाल्यास दंडगोल बेफाम फिरतो आणि क्षणार्धात खिळे व दात मोडतात. त्या काळी वजन वाढविण्यासाठी धातूच्या क्षारांत बुडविलेले रेशीम कालांतराने आपोआप विरते. जीर्ण पोशाख बदलला तर मूळ पुरावा नष्ट होतो. न बदलला तर बाहुलीचे मूळ रूप दिसत नाही.

समारोप :
मर्टॉ गिनेस यांचा यांत्रिक वाद्ये व स्वयंचलित आकृतींचा विख्यात संग्रह २००३ मध्ये न्यू जर्सीतील मॉरिस संग्रहालयाकडे आला. अशा संस्थांमुळे खाजगी छंदाचे रूपांतर सार्वजनिक ज्ञानात होते. मूळ यंत्र क्वचितच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालविणे, त्याचे ध्वनिचित्रमुद्रण करणे आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवणे हा व्यवहार्य मध्यममार्ग म्हणता येईल. मूक बाहुली अपुरी असते हे खरे. परंतु मोडलेली फणी मूळचा स्वर पुन्हा देऊ शकत नाही.